पात्यावरची वेल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात इस्लामी खंजिरांवरच्या आणि धातूच्या वस्तूंवरच्या वेलीच्या नक्षीवर लेख आला होता, म्हणजे जिला सगळे अरेबेस्क म्हणतात तीच नक्षी. त्यानंतर पत्रं आली, मेल आले आणि व्हॉट्सअॅपवर फोटो तर इतके आले की मोबाईल भरला. बरेच प्रश्न एकाच वळणाचे होते म्हणून त्यातले निवडून घेतलेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, त्यामुळे सगळ्यांचं फक्त गाव देतेय.

प्रश्न (पुणे) : ताई, इस्लाममध्ये माणसाचं, प्राण्याचं चित्र काढायला मनाई, म्हणून त्या लोकांनी नुसत्या वेलीच काढल्या, असं आम्हाला परदेशातल्या एका गाईडने सांगितलं. हे खरंय का?

हे सगळीकडे ऐकायला मिळतं, पण वस्तू समोर ठेवल्या की ते टिकत नाही. मशिदीतल्या वस्तूंवर, कुराण ठेवायच्या रेहालवर, मशिदीतल्या दिव्यांवर माणसं-प्राणी नसतात, तेवढं बरोबर. पण घरात, दरबारात, मेजवानीत वापरायची भांडी आणि कमरेला लावायची हत्यारं यांच्यावर सगळं काही असतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक पितळी सुरई आहे, ब्लाका सुरई म्हणतात तिला. आजच्या इराकमधल्या मोसूल शहरात १२३२ साली शुजा इब्न मना नावाच्या कारागिराने केली, आणि पितळेत चांदी नि तांबं जडवून तिच्यावर काय काय दाखवलंय बघा, गादीवर बसलेला राजा, घोड्यावरचे शिकारी, वाद्यं वाजवणारे, उंटावरच्या अंबारीत बसलेली बाई, आरशात बघणारी बाई आणि तिची दासी. तिच्याही आधीची, ११६३ साली आजच्या अफगाणिस्तानातल्या हेरातला झालेली एक बादली रशियाच्या हर्मिटाज म्युझियममध्ये आहे, बॉब्रिन्स्की बादली. तिच्यावर तर लिहिलेल्या अक्षरांच्या उभ्या रेघांना वर माणसांची डोकी काढलीत, म्हणजे अक्षरंच माणसं होऊन एकमेकांशी बोलतायत असं वाटतं. आणि मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे त्या बादलीवर ओतणाऱ्याचं नाव वेगळं आणि नक्षी करणाऱ्याचं नाव वेगळं, दोन्ही कोरलेली आहेत. नक्षीवाल्याला तेव्हा ओतणाऱ्याइतकाच मान होता हे त्यावरून सरळ कळतं.

मग वेल कशाला, तर वेल आधीपासून होतीच. रोमन आणि बायझंटाईन लोक द्राक्षाचा वेल काढायचे, इराणात सासानी राजांच्या काळात पंखासारखी उघडलेली पानं काढायचे, हे सगळं अरबांच्या राज्यात आयतं आलं. नवव्या शतकात अब्बासी खलिफांनी बगदादच्या उत्तरेला सामर्रा ही राजधानी वसवली, तिथल्या भिंतींच्या गिलाव्यावर ही पानं बदलताना दिसतात आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत जी व्हायची ती वेल झाली. बदल काय झाला तर जुन्या वेलीत पान आलं की तिथे फांदी संपायची, देठ मग पान मग शेवट. इथे पान संपतच नाही. पानाचं टोक लांबतं, वळतं आणि त्याचाच पुढे देठ होतो, त्या देठाला परत पान फुटतं, ते मधोमध चिरतं, एक अर्धं इकडे जातं एक तिकडे, आणि ते दोन्ही परत देठ होतात. म्हणून त्या नक्षीला सुरुवातही सापडत नाही नि शेवटही नाही, वस्तूची कड आली म्हणून ती थांबलेली असते एवढंच.

यात ईश्वराचं अनंतत्व आहे वगैरे बरंच लिहिलं जातं. असेलही, त्या श्रद्धेने बघणाऱ्याला ते दिसतं आणि मला त्याचा आदर आहे. पण हत्यारांपुरतं माझं मत असं की कारागिराला हीच नक्षी लागत होती. खंजिराचं पातं मुठीकडे रुंद, मधे वाकडं आणि पुढे सुईसारखं निमुळतं. असल्या जागेत माणूस बसवायचा तर त्याचे पाय कुठे घालणार? वेल मात्र जागा असेल तसे फाटे फोडत जाते आणि टोकाला एका पानावर येऊन उतरते.

प्रश्न (सांगली) : मी आर्ट कॉलेजला आहे. ही नक्षी कॉपी करायला जाते पण माझी वेल नेहमी गिचमिड होते. काढायची काही पद्धत असते का?

असते, आणि ती पद्धत कळली ना की नुसतं काढायलाच नाही तर बघायलाही शिकतो आपण, म्हणून तुझ्या प्रश्नाला जरा जास्त जागा देतेय.

पहिलं म्हणजे पान आधी काढायचं नाही. आधी फक्त गोल फिरत आत जाणारी रेघ काढायची. मोठं वळण, त्याच्या पोटातून उलट्या दिशेला दुसरं वळण, त्यातून तिसरं. पूर्ण जागा नुसत्या वळणांनी भरायची आणि मग लांबून बघायचं, मधे कुठे मोकळं भोक पडलंय का, कुठे दाटी झालीय का. ते नीट झालं की मगच पानं. आणि प्रत्येक पान देठाच्या जाण्याच्या दिशेलाच फुटलं पाहिजे, उलट्या दिशेला एकही नाही. तुझी वेल गिचमिड होत असेल तर बहुतेक तू पानांपासून सुरुवात करतेयस आणि नंतर त्यांना देठाने जोडतेयस.

दुसरी गोष्ट, इराणात आणि तुर्कस्तानात दोन वेगळ्या वेली मानतात. एक चिरलेल्या पानांची, तिला इराणी लोक इस्लिमी म्हणतात आणि तुर्की लोक रूमी. दुसरी फुलांची, चीनकडून आलेल्या कमळासारख्या फुलांची, तिला खताई म्हणतात. दोन्ही एकाच जागेत एकावर एक काढतात, एकमेकींच्या वरून खालून जातात, पण नियम असा की इस्लिमीच्या देठावर खताईचं फूल येणार नाही आणि खताईच्या देठावर इस्लिमीचं पान येणार नाही. एवढं दाट काम असूनही डोळा गोंधळत नाही तो यामुळेच. तू एक फोटो घे, झूम कर आणि एकच देठ धरून बोट फिरव. चांगल्या कामात बोट कुठेही अडत नाही, दुसऱ्या वेलीखालून गेलेला देठ पलीकडे नेमका निघतो. हलक्या कामात तो खाली जातो आणि बाहेर येतच नाही, किंवा पान हवेतच तरंगत असतं, त्याला देठच नसतो.

मी कुठलीही जुनी वस्तू बघते तेव्हा सोनं किती, माणकं किती हे नंतर, आधी हे बोट फिरवून बघते. या नक्षीत खरं-खोटं, उत्तम-सुमार ठरतं ते देठावर.

एकच तुकडा परत परत लागत असेल तर कागदावर वेल काढून रेघेवर सुईने बारीक भोकं पाडायची आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवायची, खाली ठिपक्यांची वेल उमटते. भरतकाम करणारे आपल्याकडेही असाच छाप मारतात. तूही असं एकदा करून बघ.

प्रश्न (नाशिक) : काही खंजिरांच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते आणि काहींवर सोन्याची वेल. दोन्हीला दमास्कस का म्हणतात? आणि सोन्याचं काम खरं की मुलामा हे घरच्या घरी ओळखता येतं का?

दोन अगदी वेगळी कामं आहेत आणि नावामुळे लोक फसतात, विकणारेही फसवतात. लाटा काढलेल्या नसतात, त्या पोलादातच असतात. मातीच्या छोट्या मुशीत लोखंड आणि कोळसा किंवा झाडपाला घालून तापवायचं, हळूहळू थंड करायचं, मग जे पोलाद मिळतं त्यात कार्बनचे थर बसतात. ते फार न तापवता ठोकलं आणि वरून सौम्य आम्ल लावलं की ते थर उठून दिसतात. इराणात आणि आपल्याकडेही त्याला जौहर म्हणायचे. आणि हे पोलाद कुठून जायचं, तर दख्खनमधून. आजच्या तेलंगणात निजामाबादकडे कोनासमुद्रम नावाचं गाव आहे, नांदेडपासून फार लांब नाही, तिथलं पोलाद घ्यायला इराणहून व्यापारी येऊन राहायचे. म्हणजे इस्फहानच्या एखाद्या नामांकित पात्यातलं पोलाद आपल्या शेजारचं असू शकतं हे किती जणांना माहीत असतं?

सोन्याची वेल हे नंतरचं, वरचं काम. ते दोन प्रकारे होतं. एकात छिन्नीने खाच पाडतात, खाच आत जरा रुंद ठेवतात आणि त्यात सोन्याची तार ठोकून बसवतात, हे तहनिशान. कष्टाचं, महाग आणि टिकाऊ. दुसरं कोफ्तगिरी. त्यात खाच नसते. पोलादाच्या अंगावर बारीक सुरीने आडव्या-उभ्या-तिरक्या अशा रेघा इतक्या जवळजवळ मारतात की पृष्ठभाग खरखरीत होतो, मग ते तापवून निळसर करतात, त्यावर केसासारखी सोन्याची तार वेलीच्या आकारात मांडत जातात आणि हलक्या हातोडीने ठोकतात, तार त्या खरखरीत भागात रुतते. शेवटी अकिकासारख्या गुळगुळीत दगडाने घोटतात. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबात सियालकोट आणि गुजरात या गावांमध्ये हे काम जोरात होतं, १८४९ नंतर इंग्रजांचं राज्य आलं आणि तलवारींची मागणी आटली तेव्हा तिथले कारागीर डबे, तबकं, दौती करायला लागले. आज उदयपूरला शिकलगार घराण्यांमध्ये ही कोफ्तगिरी अजून हाताने होते. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरला शिकलगार आडनाव ऐकता ना, धार लावणारे, हत्यारं घासणारे, तेच हे नाव.

घरी ओळखायला एक साधं भिंग पुरे. जिथे सोनं झिजलंय तिथे बघायचं, मुठीच्या जवळ किंवा म्यान घासून जातं त्या कडेला. सोनं गेलेल्या जागी जर आडव्या-तिरक्या बारीक रेघांची जाळी दिसली तर कोफ्तगिरी. स्वच्छ रिकामी खाच दिसली तर तहनिशान. आणि खाली गुळगुळीत धातू दिसला, काहीच खुणा नाहीत, तर मुलामा किंवा आजचं इलेक्ट्रोप्लेटिंग. शिवाय तारेची वेल असेल तर वळणावर तार किंचित जाड-बारीक झालेली दिसते, जोड दिसतात. सगळीकडे सारखीच सपाट पिवळी रेघ असेल तर सावध राहा.

प्रश्न (परभणी) : आमचं घराणं चाऊस. पणजोबांपासून आलेला एक जंबिया घरात आहे, म्यानावर चांदीची वेल आणि बारीक मणी आहेत. हा येमेनहून आलेला असेल की हैदराबादला केलेला? मूठ शिंगाची आहे.

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण अरबस्तानच्या खंजिरावर लिहिताना आपण विसरतो की तो मराठवाड्यातल्या घराघरांत आहे. बाकी वाचकांसाठी सांगते, जंबिया म्हणजे अरबांचा वाकड्या पात्याचा खंजीर, आणि येमेनच्या हद्रमौत भागातून आलेले अरब निजामाच्या फौजेत होते आणि मराठ्यांच्या चाकरीतही होते. १८१८ साली मालेगावच्या किल्ल्यात इंग्रजांशी लढले ते अरबच. त्यांचे वंशज, ज्यांना आपण चाऊस म्हणतो, हैदराबादच्या बारकस वस्तीत, परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगरात आहेत, आणि जंबिया हा शब्द मराठीत आला तो बहुधा त्यांच्या कमरेवरून.

आता तुमचा जंबिया. येमेनमध्ये चांदीचं नाजूक काम फार मोठ्या प्रमाणात तिथल्या ज्यू सोनारांच्या हातात होतं. १९४९-५० मध्ये ते जवळजवळ सगळेच इस्रायलला गेले आणि ती परंपरा तिथून एकदम तुटली, म्हणून त्याआधीचं काम आज मौल्यवान आहे. त्यांच्या कामाची ओळख म्हणजे तारकाम आणि रवाकाम, चांदीची पीळ दिलेली तार वळवून वेल करायची आणि मधल्या जागेत मोहरीपेक्षा लहान चांदीचे रवे डाक लावून बसवायचे. तुम्ही ज्याला बारीक मणी म्हणताय ते बहुधा हेच रवे. भिंगातून बघा, प्रत्येक रवा सुटा आणि बुडाशी चिकटलेला दिसतो का. एकाच पत्र्यावर ठोकून उठवलेले टपोरे असतील, मागून पत्रा पोकळ असेल, तर काम वेगळ्या हाताचं, साच्यावर ठोकलेलं. हैदराबादलाही जंबिये होत होते आणि त्यांच्यावर इकडची फुलं येतात, पाकळ्या मोजता येतील अशी सरळ समोरून बघितलेली फुलं, येमेनच्या कामात असलं फूल क्वचित. पात्यावर मधोमध उंच कणा आहे का तेही बघा, येमेनी पात्याला तो ठसठशीत असतो. पण पातं एकीकडचं आणि म्यान दुसरीकडचं असंही खूप होतं, म्यान झिजलं की माणूस जवळच्या सोनाराकडेच जाणार ना, त्यामुळे दोन्हींचं उत्तर वेगवेगळं आलं तर घाबरू नका.

मुठीबद्दल मात्र जपून. जुन्या येमेनी मुठी गेंड्याच्या शिंगाच्या असायच्या, त्या हौसेपायी गेंड्यांची फार मोठी कत्तल झाली आणि १९८२ साली येमेनने शिंगाची आयात बंद केली. म्हशीच्या शिंगाच्याही पुष्कळ असतात. तुमची गेंड्याची निघाली तर आपल्याकडे वन्यजीव कायदा कडक आहे, तेव्हा कुणी कितीही भाव सांगू दे, विकण्याच्या भानगडीत पडू नका, आधी वकिलाला आणि वनखात्याला विचारा. आणि पणजोबांचं नाव, ते कुठल्या फौजेत होते, कुठल्या गावी होते हे जे काही आजीकडून ऐकलं असेल ते एका कागदावर लिहून जंबियासोबत ठेवा. ते लिहिलेलं नसलं की दोन पिढ्यांनी तो कुठलातरी एक जंबिया होऊन जातो.

प्रश्न (मस्कत) : इथे बारा वर्षं नोकरी करतोय, परत येताना एक ओमानी खंजर घ्यायचा आहे. काय बघून घ्यावा?

ओमानचा खंजर त्यांच्या झेंड्यावर आहे आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही त्याची कारागिरी गेली, त्यामुळे बाजारात पाहुण्यांसाठी केलेला मालही भरपूर आहे. निझव्याच्या बाजारात जा, जुने चांदीवाले तिथे आहेत. म्यानाचा खालचा भाग नीट बघा, चांगल्या खंजरात तिथे चामड्यावर चांदीच्या दोऱ्याने विणल्यासारखी टाकेबंद नक्षी असते, हलक्यात तिथे छापील पत्रा असतो. वरच्या भागातल्या चांदीवर देठ धरून बोट फिरवा, वर सांगितलंय तसं. पट्ट्याच्या कड्या चार किंवा सात असतात. पावती घ्या, आणि विमानात तो हँडबॅगेत घालायचा नाही, चेक-इनमध्येही एअरलाईनला आधी विचारूनच.

प्रश्न (उदगीर) : आमच्या शेजारी बिदर आहे, बिदरीच्या वस्तू घरात आहेत. या वेलीचा आणि तुम्ही लिहिलेल्या वेलीचा काही संबंध?

सरळ नात्यातला संबंध. बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली आणि तिथे इराणी, तुर्की लोकांची सतत ये-जा राहिली. नुसतं बिदरच नाही, सगळ्या दख्खनमध्ये हे लोक पसरले होते. विजापूरच्या बुरुजावरची मुलुख-ए-मैदान तोफ बघितली असेल, पंचावन्न टनांची, तोंडाशी हत्तीला गिळणारा सिंह आहे. ती विजापूरला झालेलीच नाही, १५४९ साली निजामशाहीत अहमदनगरला ओतली, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आणि ओतणाऱ्याचं नाव मुहम्मद बिन हसन रूमी, म्हणजे तुर्कांच्या मुलखातला माणूस. एवढी मोठी तोफ ओतणारा हात जिथे येऊ शकतो तिथे वेल काढणारा हात यायला काय अडचण?

बिदरीचं काम मला धातूवरच्या सगळ्या कामांत अतिशय जवळचं वाटतं कारण ते अजून बघता येतं. जस्त आणि तांबं, साधारण सोळाला एक, वितळवून मातीच्या साच्यात वस्तू ओततात. कानशीने घासली की ती शिशासारखी फिकट दिसते, तिच्यावर कोरलेली रेघ दिसणार कशी? म्हणून मोरचुदाचं पाणी फासून ती तात्पुरती काळी करतात. मग कारागीर टोचणी घेतो आणि कुठलाही कागद न ठेवता हातानेच वेल काढत जातो. ते बघताना श्वास रोखला जातो, कारण सुरईचं पोट गोल असतं, वेल फिरून परत जिथून निघाली तिथे यायची असते आणि ती येते, बरोबर येते, शेवटचं पान पहिल्या देठाला मिळतं. मग छिन्नीने खाच, खाचेत चांदीची तार किंवा पत्रा, परत घासणं. आणि शेवटी ती प्रसिद्ध माती, बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून गरम करतात आणि वस्तू तिच्यात घोळतात. जस्त पक्कं काळं होतं आणि चांदीला काही होत नाही. वर थोडं तेल. काळ्यावर पांढरी वेल.

जुन्या बिदरीवर बघाल तर इस्लिमीची चिरलेली पानं कमी आणि खसखशीची, कमळाची फुलझाडं जास्त. तो मुघलांचा परिणाम. जहांगीर बादशहाला फुलांचं वेड, १६२० मध्ये काश्मीर बघून आल्यावर त्याच्या चित्रकारांनी फुलं समोर ठेवून काढली आणि तेव्हापासून मुघल खंजिरांच्या मुठींवर, जेडच्या दगडात सोनं आणि माणकं बसवून, एकेक फुलझाड सुटं उभं राहायला लागलं. सुंदरच असतात ती. पण माझं मन वेलीकडेच जास्त ओढतं.

प्रश्न (कोल्हापूर) : एकच वस्तू बघायची असेल तर कुठली? आणि महाराष्ट्रात काही बघायला मिळेल का?

एकच म्हणाल तर इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातली सुलतान सुलेमानची यातागान. यातागान म्हणजे आत वळलेल्या पात्याची आखूड तलवार, खंजिराच्या मोठ्या बहिणीसारखी. १५२६-२७ ची आहे, अहमद तेकेलू नावाच्या कारागिराची सही आहे. तिची जवळजवळ जुळी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे आणि तिचे मोठे फोटो ऑनलाईन फुकट बघता येतात, तेव्हा तिकीट काढायची गरज नाही. पात्यावर ड्रॅगन आणि एका अजस्र पक्ष्याची झुंज आहे, दोघेही सोन्याचे आणि पात्यापासून वर उठलेले, चिमटीत धरता येतील असे. त्यांच्या अवतीभवती पानांचं रान. मूठ वॉलरसच्या सुळ्याची, तिच्यावर वेल आणि चिनी वळणाचे ढग. आता झूम करून ते रान बघा. प्राण्यांची अंगं ज्या वळणाने वळलीत त्याच वळणाने पानं वळतात, कुठे शेपूट संपली आणि कुठे पान सुरू झालं हे पटकन कळत नाही. मगाशी पुण्याच्या वाचकांनी विचारलं होतं ना चित्रांची मनाई वगैरे, तर हे खुद्द तुर्कस्तानच्या उस्मानी (ऑटोमन) सुलतानाचं हत्यार आहे.

तोपकापीतला दुसरा खंजीर जास्त प्रसिद्ध आहे, तीन मोठे पाचू असलेला, मुठीच्या टोकाला पाचूच्या झाकणाखाली घड्याळ. सुलतान पहिल्या महमूदने तो इराणच्या नादिरशहाला भेट म्हणून करवला, भेट वाटेत असतानाच १७४७ मध्ये नादिरशहाचा खून झाला आणि खंजीर परत आला. तोच नादिरशहा, दिल्ली लुटणारा. पाचूंमुळे सगळे त्याच्यापुढे गर्दी करतात. मी यातागानपुढे थांबेन.

महाराष्ट्रात मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिथे अकबराचं म्हणून ओळखलं जाणारं चिलखत आणि ढाल आहे, तिच्यावरची सोन्याची अक्षरं सावकाश बघा. पुण्याचं केळकर संग्रहालय. आणि तुम्ही तर कोल्हापूरचेच, न्यू पॅलेसमधली हत्यारं किती वेळा बघितलीत? परत जा आणि यावेळी मुठी बघा. मराठ्यांच्या कट्यारींवर आणि बिचव्यांवर ही वेल कशी येते, कुठे आपली होते, हे तिथे उभं राहिल्यावर कळेल.

प्रश्न (जळगाव) : वडिलांच्या संग्रहात जुने खंजीर आहेत, काळे पडलेत. दिवाळीच्या आधी चिंचेने घासून लख्ख करू का?

कृपा करून नको. चिंच नको, लिंबू नको, राख नको, पितळ चमकवायचं बाजारातलं पॉलिशही नको. कोफ्तगिरीचं सोनं म्हणजे कागदापेक्षा पातळ तार असते, दोन-चार दिवाळ्या घासलंत की वेल गेली आणि ती परत आणता येत नाही. मी असे खंजीर हातात घेतलेत ज्यांचं पोलाद आरशासारखं चकचकीत आहे आणि नक्षीच्या जागी फक्त रेघांची जाळी उरलीय, आणि घरचे कौतुकाने सांगतात की दरवर्षी आम्ही घासतो. खूप वाईट वाटतं. बिदरी घासली तर तो काळा रंगच जातो.

करायचं एवढंच, सुती हातमोजे घालून मऊ कापडाने धूळ पुसायची, पात्याला बोट लावायचं नाही कारण घामाच्या मिठाने गंज चढतो आणि बोटाचा ठसा तसाच्या तसा उमटतो. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन हलका हात फिरवायचा. पावसाळ्यात पातं चामड्याच्या म्यानात ठेवायचं नाही, चामडं ओल धरतं, म्यान आणि पातं शेजारी शेजारी वेगळं ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. लाल गंज पसरताना दिसला तर म्युझियममधल्या संवर्धन विभागाला फोन करा, ते सांगतात नीट.

प्रश्न (ठाणे) : माझा मुलगा अमेरिकेत असतो. आजोबांचा सोन्याच्या वेलीचा पेशकब्ज त्याच्याकडे पाठवायचा आहे. कुरिअर करता येईल का?

पेशकब्ज, म्हणजे चिलखतात घुसेल असा टोकदार खंजीर, जर १०० वर्षांहून जुना असेल, आणि आजोबांचा म्हणताय म्हणजे असण्याची शक्यता खूप, तर नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे खासगी व्यक्तीला असली वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, कुरिअरनेही नाही आणि सामानातूनही नाही. जुना नाही असं वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे वस्तू दाखवून तसा दाखला घ्यावा लागतो, मगच पुढचं. मुलाला चांगले फोटो काढून पाठवा. सकाळच्या उन्हात खिडकीपाशी, फ्लॅश न वापरता, पातं जरा तिरकं धरून, म्हणजे पोलादातल्या लाटा आणि वरची सोन्याची वेल दोन्ही एकाच फोटोत येतात. मुठीचा वेगळा, पात्याच्या पाठीचा वेगळा, आणि कुठे अक्षरं कोरलेली असतील तर त्यांचा अगदी जवळून. तेच फोटो मलाही पाठवा, पुढच्या अंकात पेशकब्जांवर लिहायचंय.